वारशाची बंदूक ‘नव्यासारखी’ करून देणाऱ्यांपासून सावध राहा

आमच्या घरच्या बारा बोरच्या दुनळी बंदुकीचं एका परवानाधारक विक्रेत्याने काय केलं ते सविस्तर लिहितोय. सातारा-सांगलीकडे अशा बंदुका अजून कितीतरी घरांत आहेत. कुणी शेतराखणीच्या परवान्यावर घेतलेली, कुणाच्या घरी पलटणीतून निवृत्त होऊन आलेल्या आजोबांची. परवाना वारसाच्या नावावर करण्याची वेळ आली की ती बंदूक काही काळ परक्याच्या ताब्यात जाते, आणि नेमकं तिथंच हे घडतं.

आमची बंदूक पाटण खोऱ्यातली. पणजोबांनी रानडुकरांसाठी जुनी विकत घेतली होती. बर्मिंगहॅमची, घोडे बाहेर असलेली, अक्रोडाच्या दस्त्याची. नळ्यांखालच्या सपाट भागावर ‘नॉट फॉर बॉल’ असा इंग्रजी ठसा होता. नळीचं तोंड आवळलेलं आहे, तिच्यात छर्राच घालावा, एकसंध गोळी घालू नये, असा त्याचा अर्थ. इंग्लंडमध्ये हा ठसा १८७५ ते १८८७ या काळातच मारत, त्यामुळे बंदुकीचं वय त्यावरूनच कळायचं. नळ्या दमास्कसच्या, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून जोडलेल्या. उन्हात धरली की नळीवर नदीच्या पाण्यासारख्या लाटा दिसायच्या. दस्त्याच्या खालच्या बाजूला चांदीचं छोटं पान बसवलेलं होतं, त्यावर पणजोबांची आद्याक्षरं.

आप्पा गेले तेव्हा परवाना त्यांच्या नावावर होता. अशा वेळी शस्त्र घरात ठेवता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. आम्ही विक्रेत्याकडे जमा केली, पावती घेतली. जिल्हाधिकारी कार्यालयातलं वारसाचं प्रकरण लांबत गेलं. मधेच त्याचा फोन आला, “दादा, नळ्यांना गंज धरायला लागलाय. पडूनच आहे तर दुरुस्त करून घ्या. आप्पांची आठवण आहे, नव्यासारखी करून देतो.” साफसफाई, दस्त्याला तेलपाणी आणि सैल झालेल्या घोड्यांची दुरुस्ती एवढं काम ठरलं. ४५,००० रुपये सांगितले, निम्मे आगाऊ घेतले.

परवाना माझ्या नावावर झाला आणि बंदूक घरी आली. काळी कुळकुळीत, आरशासारखी चकचकीत. आईने हातात घेतली आणि पहिल्यांदा विचारलं, “चांदीचं पान कुठाय?” विक्रेता म्हणाला, निखळून हरवलं असेल, दस्ता किडला होता म्हणून थोडा ‘भरून’ घेतला. पुढे मिरजेला तंबोरे करणारे आमच्या ओळखीचे कारागीर घरी आले होते. सगळा जन्म लाकडात गेलेला माणूस. दस्त्याच्या मागच्या टोकावरची लोखंडी पट्टी, म्हणजे बटप्लेट, काढल्यावर आत पॉलिश न लागलेला भाग दिसला. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, हा अक्रोड नव्हे, हे तुणाचं लाकूड आहे, वरून रंग चढवलाय. सतारीच्या दांडीला हेच लाकूड वापरतात, त्यामुळे त्यांची ओळख चुकायची नाही. म्हणजे दस्ता भरलेला नव्हताच, अख्खा बदलला होता. जुन्या अक्रोडाच्या दस्त्याला हौशी लोकांत चांगला भाव मिळतो, आणि आमचा दस्ता चांदीच्या पानासकट तिकडेच गेला, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

नळ्यांचं त्याहून वाईट. लाटांची नक्षी नाहीशी झाली होती. बफिंगच्या चाकावर घासून नळ्यांना गरम ब्ल्यूइंग केलं होतं, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या क्षारात बुडवून काळा रंग आणला होता. अशा जुन्या दुनळी बंदुकीला हे करत नाहीत. दोन नळ्यांमधली पट्टी मऊ डाखाने जोडलेली असते. ते क्षार डाख खातात, पट्टीखाली शिरून बसतात आणि आतून गंज आणतात. पावसाळा लागला तशी पट्टीच्या कडेने पांढरी भुकटी बाहेर येऊ लागली आणि मागोमाग तांबूस गंज. अशा नळ्यांचा रंग हळूहळू गंज चढवून, तो पुन्हापुन्हा घासून आणतात. त्याला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे त्याचा पैसा.

रूप बिघडलं हे एक वेळ गिळता येईल, पण त्याने जीवाशी खेळ केला होता. पैसे घेताना तो म्हणाला होता, “आता कुठलंही काडतूस बिनधास्त चालवा.” काळ्या दारूच्या जमान्यातली ही नळी. आजची काडतुसं जास्त दाबाची, बिनधुराच्या दारूची, बहुतेक ७० मिलिमीटरची, आणि त्या काळच्या बऱ्याच बंदुकांचं काडतुसाचं घर अडीच इंची, म्हणजे साधारण ६५ मिलिमीटरचं. त्यात बाहेरून घासून धातू कमी केलेला. अशी नळी फुटली तर पुढे धरलेला हात जातो. दुरुस्त करून देणाऱ्याला हे माहीत नसतं असं मी मानत नाही.

आणि नंबर. पोलीस ठाण्यात पडताळणीला नेली तेव्हा हवालदारांनी परवाना एका हातात आणि भिंग दुसऱ्या हातात घेतलं. चापाच्या कमानीवरचा नंबर जुळला, नळीवरचा बफिंगमध्ये जवळजवळ पुसला गेला होता. कलम ८ प्रमाणे शस्त्रावरचा नंबर किंवा ओळखखूण घालवणं गुन्हा आहे, आणि खूण नसलेलं शस्त्र ज्याच्याकडे सापडतं त्यानेच ती घालवली असं गृहीत धरतात. उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. दुसऱ्याने केलेलं काम, आणि आरोपी ठरायची पाळी मालकावर! आमच्याकडे जमा पावती होती आणि आप्पांनी हौसेने काढून ठेवलेले ठशांचे फोटो होते, म्हणून साहेबांनी ऐकून घेतलं. मी तिथेच लेखी अर्ज दिला, बंदूक ठाण्यातच जमा केली आणि पोच घेतली.

विक्रेत्याचं बिल बघितलं तर ‘१२ बोर डीबीबीएल (म्हणजे मागून भरायची दुनळी), पॉलिश व दुरुस्ती’ एवढंच. काय बदललं, जुने भाग कुठे गेले, काही नाही. त्याच्या परवान्यात विक्री आणि जमा ठेवणं आहे. कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, तो दाखवा म्हटल्यावर त्याने फोन घेणं बंद केलं. काम कुठल्या कारखान्यात झालं ते तो आजही सांगत नाही. आता परवाना शाखेत त्याच्याविरुद्ध तक्रार दिली आहे आणि ग्राहक आयोगात दाव्याची तयारी चालू आहे. २०१९ च्या कायद्यामुळे दावा आपल्या राहत्या जिल्ह्यात टाकता येतो, म्हणजे त्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. १९१५ या हेल्पलाइनवरही माहिती मिळते.

तुमच्याकडची बंदूक कुणाच्याही ताब्यात जाणार असेल, अगदी निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा करायची असली तरी, आधी ती उघडून नळ्यांच्या खालचे ठसे, नळीवरचा, चापाच्या कमानीवरचा आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडी भागावरचा नंबर, दस्त्याचे दोन्ही अंग आणि बटप्लेटखालचं कोरं लाकूड, सगळ्याचे उजेडात फोटो काढा. त्यांच्या प्रती जमा पावतीला जोडा आणि त्यावर घेणाऱ्याची सही-शिक्का घ्या. दुरुस्ती करायचीच असेल तर परवान्यात ‘दुरुस्ती’ लिहिलेलं डोळ्यांनी बघा, आणि ‘बफिंग नको, गरम ब्ल्यूइंग नको, काढलेला प्रत्येक जुना भाग परत हवा’ हे त्याच्याकडून लिहून घ्या. जो लिहून द्यायला तयार नाही त्याच्याकडे बंदूक ठेवू नका, ती पोलीस ठाण्यात ठेवा.