लांब रजा की दरवर्षी आठ दिवस एकांत?

थकलेल्या पाळकाला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूला, सात वर्षांनी एकदा तीन महिन्यांची रजा द्यावी, की दरवर्षी आठवडाभर प्रार्थनेसाठी एकांतवास, यावर चर्चच्या मंडळीत घोळ चालतो. सातव्या वर्षाचा दाखला बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 25व्या अध्यायातला. पण तिथला विसावा जमिनीसाठी आहे, तेव्हा आकड्यावर अडून बसू नये.

खर्चात एकांतवास सरळ स्वस्त. लांब रजेत पगार चालू ठेवून बदली उपदेशकाचं मानधनही द्यायचं. शिवाय अंत्यविधी, लग्नं, आजाऱ्यांच्या भेटी, चेकवरच्या सह्या कोण बघणार, हे आधीच ठरवावं लागतं.

खरा फरक विश्रांतीच्या खोलीत. इग्नेशियन परंपरेतली (संत इग्नेशियस लोयोला यांच्या पद्धतीची) आठ दिवसांची एकांत-साधना उत्तमच, पण थकलेल्या माणसाचे सुरुवातीचे दिवस झोप भरून काढण्यातच जातात. शनिवारी रात्रीची, रविवारच्या उपदेशाची धास्ती सुटायलाच कित्येकदा काही आठवडे लागतात. परतल्यावर तेच वेळापत्रक असेल, तर मात्र दोन्ही फुकट.

एकहाती मंडळी सांभाळणाऱ्याला दरवर्षीचा एकांतवास झेपेल. प्रार्थनाही ड्युटी वाटू लागली असेल, तर लांब रजाच द्या. झोप उडाली, कशातच मन लागेना, तर आधी डॉक्टर.