ऑनलाइन याचिका की विधानसभेकडे विनंती अर्ज?

आपल्या मागणीवर विधानसभेत काहीतरी निर्णय व्हावा असं वाटत असेल, तर सामान्य माणसापुढे दोन वाटा असतात. एखाद्या खासगी संकेतस्थळावर याचिका टाकायची, नाहीतर आमदारांमार्फत विधानसभेच्या विनंती अर्ज समितीकडे जायचं. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या गटाने दोन्ही करून पाहिलं. मागणी एकच होती. 2009 मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभांची तरतूद आली, पण गावाला जशी ग्रामसभा, तशी आमच्या वॉर्डात क्षेत्रसभा कधी भरलीच नाही. ती सक्तीची करा, एवढंच म्हणणं.

ऑनलाइन याचिका एका संध्याकाळी तयार झाली. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक फिरली आणि चार दिवसांत सहाशे सह्या झाल्या. विषय लोकांपर्यंत पोचवायला हे साधन चांगलंच आहे, यात वाद नाही.

पण पाचव्या दिवशी शेजारचे काका मोबाइल घेऊन आले. सही केल्यावर स्क्रीनवर पैसे मागितले होते आणि त्यांनी दोनशे रुपये भरले होते. "सरकारी अर्जाची फी असेल, असं वाटलं रे," म्हणाले. ते पैसे याचिका आणखी लोकांना दाखवण्यासाठी होते. विधानभवनाशी त्यांचा काही संबंध नव्हता. लिंक मीच पाठवली होती, त्यामुळे काकांशी बोलताना मान वर होईना. आणि त्या सहाशे सह्यांना उत्तर देणं कुणावरच बंधनकारक नव्हतं. माझं मन तिथेच फिरलं.

विनंती अर्ज किचकट आहे, हे आधीच सांगतो. सभागृहाला उद्देशून ठरलेली भाषा, शेवटी नेमकी मागणी, प्रत्येकाचं नाव-पत्ता, शिवाय सादर करणाऱ्या आमदारांची सही. त्या एका सहीसाठी मी पाच खेपा घातल्या. पण अर्ज दाखल झाला की समिती संबंधित विभागाचं म्हणणं मागवू शकते आणि सभागृहाला अहवाल देते. माजी सैनिकांच्या 'एक पद, एक निवृत्तिवेतन' या मागणीला राज्यसभेच्या याचिका समितीने 2011 च्या अहवालात पाठिंबा दिला होता. सरकारने ती 2015 मध्ये मान्य केली. वेळ लागतो, पण कागद जिवंत राहतो.

मागणीवर सभागृहाने मतदान घेतलंच पाहिजे, अशी सक्ती मात्र दोन्हीकडे नाही. फिनलंडमध्ये सहा महिन्यांत 50,000 सह्या झाल्या की नागरिकांचा प्रस्ताव संसदेपुढे जातो; समलिंगी विवाहाचा कायदा तिथे असाच आला आणि 2014 मध्ये 101 विरुद्ध 90 मतांनी मंजूर झाला. ब्रिटनमध्ये एक लाख सह्यांवर फार तर चर्चेचा विचार होतो. आपल्याकडे फिनलंडसारखी सोय यावी, असं मला मनापासून वाटतं. मंत्री नसलेल्या खासदारांच्या अशासकीय विधेयकांवर भिस्त ठेवावी, तर 1970 नंतर संसदेत त्यातलं एकही कायदा झालेलं नाही.

तुमचा विषय नवा असेल, लोकांना माहीतच नसेल, तर सुरुवात ऑनलाइन करायला हरकत नसावी. मी मात्र पुन्हा अर्जच करेन. सह्या घेताना पत्ता पूर्ण लिहून घ्या, घर क्रमांकासकट. तलावपाळीवर घाईघाईत भरून घेतलेल्या एका कागदावर लोकांनी नुसतं 'ठाणे पश्चिम' लिहिलं होतं. त्या तेवीस सह्या आम्हाला घरोघर जाऊन पुन्हा घ्याव्या लागल्या.