बर्डीतलं जर्सीचं दुकान आणि ग्योकेरेस घ्यावा की नाही याचा वाद

नागपूरच्या बर्डीत (सीताबर्डीत) फुटबॉलची जर्सी कुठून घ्यायची, नाव कुठे छापायचं, हे दर सीझनला कोणीतरी विचारतंच, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो. मेन रोडवरून आतल्या गल्लीत वळलं की बॅगा आणि चपलांच्या दुकानांच्या मधोमध एक अरुंद दुकान आहे, पाटीवरचं नाव उन्हानं पार उडालंय, 'स्पोर्ट्स' तेवढं वाचता येतं, आणि बाहेर कॅरम बोर्ड न् क्रिकेटचे पॅड टांगलेले असतात त्यामुळे आत भिंतभर फुटबॉलच्या जर्स्या आहेत हे रस्त्यावरून कळतच नाही. गाडी घेऊन जाऊ नका, लावायला जागा मिळत नाही, मेट्रोने सीताबर्डी इंटरचेंजला उतरा आणि चालत जा.

जर्स्या बाकी दुकानांतही मिळतात, त्याच सुरतेच्या, तिरुपूरच्या न् थाय कॉपीच्या. या दुकानाची खरी गोष्ट म्हणजे काका. वय साठीच्या आसपास, तरुणपणी नागपूरजवळच्या कामठीच्या ग्राऊंडवर सेंटर फॉरवर्ड, म्हणजे सगळ्यात पुढचा गोल मारणारा, म्हणून खेळलेले, आणि आपल्याकडे कामठीत सेंटर फॉरवर्ड खेळलेला माणूस म्हणजे काय ते नागपूरवाल्यांना सांगायला नको. रब्बानी, राहुल क्लब, यंग मुस्लिम या इथल्या फुटबॉल टीमांच्या मॅचेस बघत मोठी झालेली जी पिढी आहे ना, त्यातले. हे काका तुम्ही सांगितलेलं नाव लगेच छापत नाहीत, आधी विचारतात की हाच पक्का का, का पक्का, किती वर्षं राहील तो तुमच्या क्लबात. काही लोकांना याचा राग येतो, पैसे आम्ही देऊन राहिलो तर तुम्हाला काय करायचं असं म्हणून निघून जाणारे पण पाहिलेत मी. मला मात्र वाटतं की गिऱ्हाईकाचे पैसे वाचवायला एवढं डोकं लावणारा दुकानदार आजकाल मिळतो कुठे.

२०२५ च्या जुलैतली गोष्ट सांगतो म्हणजे समजेल. आर्सेनल, म्हणजे लंडनची आमची टीम, स्वीडनचा स्ट्रायकर व्हिक्टर ग्योकेरेसच्या मागे लागलेली, त्याच्या पोर्तुगालच्या क्लबशी, स्पोर्टिंगशी, पैशावरून रोज ताणाताणी, रोज रात्री नवीन बातमी, आणि मी नवीन होम जर्सी घेऊन काकांकडे गेलो की नाव छापून द्या.

"सही झाली का त्याची?"

"अजून नाही काका, पण होऊनच राहिली."

"मंग झाल्यावर या ना. एकदा प्रेस मारला का ते नाव निघत नाही, काढाले गेलं तं कापड जळते."

त्यांनी खरंच नाही छापलं. पैसे घ्यायला तयार नाहीत! तेवढ्यात आत बसलेला एक पोट्टा, तोही आर्सेनलवालाच, तो म्हणाला की ग्योकेरेस कायले पाहिजे, शेश्को घ्यायला पाहिजे होता, आणि तिथून जे सुरू झालं ते चहा येऊन संपला तरी चालूच होतं, आणि मला वाटतं टीव्हीवरच्या पॅनेलपेक्षा जास्त मुद्द्याचं बोलणं त्या काउंटरवर झालं.

त्या पोट्ट्याचं म्हणणं साधं होतं. बेंजामिन शेश्को २२ वर्षांचा, उंची सहा फूट पाच इंच, जर्मनीच्या लाइपझिग क्लबकडून त्या सीझनला सगळ्या स्पर्धा धरून २१ गोल, अजून दहा वर्षं खेळेल, आणि नाहीच जमलं तर विकता येईल. ग्योकेरेस २७ चा. पाच वर्षांचं काँट्रॅक्ट दिलं तर संपेल तेव्हा ३२, त्याला घेणार कोण. क्लब ट्रान्सफरची रक्कम वहीत काँट्रॅक्टच्या वर्षांवर वाटून दाखवतात हे खरं, पण शेवटी परत काही मिळालं तर ते हिशोबात नफा म्हणून दिसतं, आणि २७ च्या माणसात ते गणित बसत नाही. मुद्दा चूक नव्हता.

पण माझं म्हणणं वेगळं होतं आणि आजही तेच आहे. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, तोपर्यंत लागोपाठ तीन सीझन दुसरे आलो आम्ही. २०२३-२४ ला लीगमध्ये ९१ गोल होते, पुढच्या वर्षी ६९ वर आलो. सगळ्यात जास्त लीग गोल आमच्या पुढे खेळणाऱ्या हावर्ट्झचे, ते पण नऊ! टॉप स्कोअरर नऊ गोलवाला असेल तर तुम्ही लिव्हरपूलला काय धरणार, ते दहा पॉइंट पुढे राहून जिंकले. वरून दुसरा स्ट्रायकर जेजस, त्याचा गुडघा जानेवारीत गेला, हावर्ट्झची मांडी फेब्रुवारीत, आणि मग मेरिनोला, म्हणजे मिडफिल्डरला, पुढे उभं करून सीझन काढला. लेस्टरविरुद्ध त्यानं बेंचवरून येऊन दोन मारले म्हणून ती मॅच निघाली. अशा टीमला २४ व्या वर्षी चांगला होईल असा स्ट्रायकर नको होता, आज गोल मारणारा पाहिजे होता. साका, ओडेगार्ड, राइस, सलीबा हे आमचे सगळे आत्ता भरात आहेत, त्यांनी कोणाच्या शिकण्याची वाट का बघावी. आणि ग्योकेरेसचे स्पोर्टिंगसाठी १०२ मॅचमध्ये ९७ गोल, दोन सीझन दोन्ही वेळा लीग जिंकलेली, शेवटच्या सीझनला लीगमध्येच ३९.

इथे काका बोलले. म्हणाले, "किती मारले ते नका सांगू, कुठून मारले ते सांगा."

यावर मी थोडा वेळ गप्प होतो कारण प्रश्नच तसा आहे. काकांनी त्याच्या मॅचेस पाहिलेल्या होत्या, नुसत्या रील्स नाही. त्यांचं म्हणणं असं की स्पोर्टिंगमध्ये कोच अमोरिमच्या ३-४-३ मांडणीत (तीन मागे, चार मधे, तीन पुढे) बॉल मिळाला की लगेच पुढे टाकायचे, आणि हा डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत पळत सुटायचा, खांदा लावून डिफेंडरला बाजूला सारायचा न् मारायचा. पळायला जागा असली की त्याला धरणं कठीण. पण आर्सेनलसमोर लोक येतात ते दहा जण डी मध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनात, कोंबून उभे राहायला. तिथे पळायची जागाच नाही, तिथे पाठ गोलकडे करून बॉल थांबवायचा, एका टचमध्ये परत द्यायचा, दोन जणांच्या मधून डोकं घालायचं. ते याला किती जमते? आणि पुढचा मुद्दा तर माझ्या जिव्हारी लागला, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये लिस्बनला आपणच त्यांना ५-१ नं मारलं होतं, ग्योकेरेसला एकही गोल नाही, आमच्या सेंटर बॅक गॅब्रियलनं गोल मारून ग्योकेरेसचंच ते मास्कवालं (बोटं तोंडासमोर धरून करायचं) सेलिब्रेशन त्याच्या घरात करून दाखवलं. "सलीबा-गॅब्रियलनं ज्याले खिशात घातलं त्याले तुम्ही साडेसहाशे कोटी देऊन राहिले."

साडेसहाशे कोटी हा आकडा काकांनी तोंडानं हिशोब करून काढला होता आणि जवळपास बरोबर निघाला. साडेसहा कोटी युरोच्या आसपास आणि वरून बोनस, असा सौदा शेवटी झाला.

तो पोट्टा लगेच स्ट्रायकर डार्विन न्यूनेझवर गेला. पोर्तुगालच्याच बेनफिकाकडून एका सीझनला लीगमध्ये २६ गोल, २०२२ मध्ये लिव्हरपूलनं साडेसात कोटी युरो मोजले, आणि तिथे तेवढे गोल कधी झाले नाहीत ते सगळ्यांनी बघितलंय. पोर्तुगालचे गोल इंग्लंडमध्ये चालत नाहीत. हे वाक्य मला पटत नाही, तेव्हाही नाही पटलं. मँचेस्टर युनायटेडचा ब्रूनो फर्नांडिस त्याच स्पोर्टिंगमधून आला ना? आणि ग्योकेरेस काही नुसता पोर्तुगालचा नाही, त्याच्या आधी तो इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीत होता, चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे तिथल्या दुसऱ्या नंबरच्या लीगमध्ये, जिथे सेंटर बॅक हाडं मोडायला उभे असतात, तिथे २०२२-२३ ला लीगमध्ये २१ गोल मारून टीमला प्रमोशनच्या फायनलपर्यंत नेलं त्यानं, पेनल्टीवर हरले म्हणून वर नाही आले. त्याच्याही आधी ब्रायटन क्लबनं त्याला प्रीमियर लीगमध्ये एक मिनिट पण खेळवलं नव्हतं, इकडे तिकडे लोनवर पाठवत राहिले. एवढ्या खालून चढून आलेल्या माणसाला इंग्लंडच्या धक्काबुक्कीची भीती दाखवण्यात अर्थ नाही. आणि लिस्बनच्या त्याच मैदानावर, आमच्या मॅचच्या तीन आठवडे आधी, मँचेस्टर सिटीला तीन गोल मारले होते त्यानं, दोन पेनल्टी धरून का होईना.

काकांच्या जागेच्या मुद्द्यावर माझं उत्तर हे, की सगळं त्याच्या गोलवर मोजू नका. दोन सेंटर बॅक सतत त्याच्या अंगावर ठेवावे लागतात, तो सारखा चॅनलमध्ये, म्हणजे सेंटर बॅक आणि बाजूच्या डिफेंडरच्या मधल्या जागेत, पळतो, डिफेन्सची लाइन दहा यार्ड मागे जाते, आणि ती जागा ओडेगार्डला मिळते, साकाला समोर एकच माणूस मिळतो. तीन वर्षं आम्ही ज्या गोष्टीसाठी रडत होतो ती हीच. आणि लिस्बनला तो खिशात गेला तो सलीबा-गॅब्रियलच्या, बाकी टीमांकडे तसे दोन जण आहेत कुठे. हावर्ट्झ बॉल छान थांबवतो पण डिफेंडर त्याला घाबरून मागे सरकत नाहीत. काकांनी हे ऐकून घेतलं, मान हलवली, आणि पोट्ट्याच्या विकायच्या मुद्द्यावर म्हणाले, "विकासाठी घेऊन राहिले का खेळवासाठी?" तेवढं एक वाक्य माझ्या बाजूचं. बाकी ते त्यांच्या म्हणण्यावर ठाम होते, घ्या पण दुसरा पर्याय पण ठेवा, नुसता यालाच धरून बसू नका.

२६ जुलैला अनाऊन्स झालं, नंबर १४, आमच्या जुन्या स्ट्रायकर थिएरी हेन्रीचा नंबर, ज्यानं क्लबसाठी २२८ गोल मारलेत. शेश्को पुढे ऑगस्टमध्ये युनायटेडला गेला. मी परत गेलो तेव्हा काकांनी आधी कपाटातून एक जुनी जर्सी काढून दाखवली, १४ नंबरचीच, आमच्या जुन्या कॅप्टन ओबामेयांगची. कोणीतरी ऑर्डर देऊन घ्यायलाच आला नाही कारण २०२१ च्या डिसेंबरमध्ये त्याची कॅप्टनशिप काढली आणि फेब्रुवारीत तो बार्सिलोनाला गेला. मग विचारलं, छापू? मी म्हटलं छापा.

आता कामाबद्दल, कारण रिव्ह्यू वाचणाऱ्याला शेवटी तेच पाहिजे. प्रीमियर लीगचा फॉन्ट सगळ्या क्लबांना एकच असतो आणि आर्सेनलचा कप मॅचेसचा फॉन्ट वेगळा, बहुतेक छापणाऱ्यांना यातला फरक माहीत नाही, कशावरही काहीही लावून देतात. काका आधी विचारतात की लीगचा पाहिजे की कपचा. ग्योकेरेसच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या ओ (Ö) वरचे दोन टिंब वेगळे कापून बसवले, वाकडे नाही, एकमेकांना चिकटलेले नाही. अक्षरांमधलं अंतर फूटपट्टी लावून घेतात, मध्य शोधायला जर्सी मानेपासून उभी दुमडतात आणि त्या घडीवर खूण करतात. प्रेस मारताना मधे टेफ्लॉनचा कागद ठेवतात त्यामुळे कापडावर चमक येत नाही. मी धुवून धुवून बघितलंय, अक्षरांच्या कडा अजून बसलेल्या आहेत. बाहीवरचा प्रीमियर लीगचा सिंहाचा बॅज मात्र एका कोपऱ्यातून उचलला होता, घेऊन गेलो तर परत प्रेस करून दिला, पैसे नाही घेतले. जर्सी उलटी करून थंड पाण्यात धुवा, प्रिंटवर इस्त्री नको, आणि एप्रिल-मेमध्ये गच्चीवर तर अजिबात वाळत घालू नका, नागपूरच्या उन्हात नावाचं विनाइल खराब होतं, सावलीत टाका.

प्लेयर व्हर्जन की फॅन व्हर्जन हा प्रश्न पण येतो. प्लेयर व्हर्जनचं कापड पातळ आणि अंगाला घट्ट, टर्फवर खेळायला मस्त, रोज घालून फिरायला नाही. आपल्याकडच्या उकाड्यात ढगळ फॅन व्हर्जनच बरी पडते. साइज एक नंबर मोठी घ्या, थाय मालाचा एल म्हणजे आपला एम असतो. जर्सी कॉपी आहे हे काका स्वतःहून सांगतात, ओरिजिनल म्हणून खपवत नाहीत. तुमच्याकडे ओरिजिनल असेल तर तिच्यावरही छापून देतात, पण आधी लिहून घेतात की नाव बरोबर आहे.

कमतरता आहेत. ट्रायल रूम नाही, मागच्या गोडाऊनमध्ये खोक्यांच्या आड घालून बघावं लागतं. व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला तर उत्तर कधी येईल नेम नाही, फोनच करा. संध्याकाळी सातनंतर टर्फवाल्या टीमांची गर्दी असते, एका नावासाठी तासभर जाऊ शकतो, दुपारी गेलेलं बरं. कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं. लहान मुलांच्या साइज फार कमी, त्यासाठी दुसरीकडे जा. टीमचा पूर्ण सेट करायचा असेल तर सब्लिमेशन (रंग कापडात उतरवून छपाई) करून देतात, त्याचं काम बाहेर जातं त्यामुळे आठवडा-दहा दिवस धरा, आणि डिझाइन स्वतः घेऊन जा, त्यांच्या कॉम्प्युटरवरची डिझाइनं जुनी आहेत.

वाद काही मिटलेला नाही. सीझनच्या पहिल्या मॅचमध्ये, युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर, ग्योकेरेस तासाभरात बाहेर आला तेव्हा काका म्हणाले, बघा, जागा नाही मिळाली. पुढच्या आठवड्यात लीड्सला ५-० मारलं, त्यात याचे दोन, एक पेनल्टी आणि एक अगदी त्याच्या स्टाइलचा, डावीकडून आत घुसून. तेव्हा मी मुद्दाम दुकानात गेलो. काका म्हणाले लीड्स वर येऊन खेळले म्हणून, खाली बसणाऱ्या टीमसमोर मारू दे. ठीक आहे, त्यांचा मुद्दा त्यांच्या जागी आहे, पण माझ्या मते तो घ्यायलाच पाहिजे होता आणि साडेसहाशे कोटी जास्त नाही झाले. जाल तेव्हा तुम्हीही तुमचं मत तयार ठेवून जा, स्ट्रायकरचं नाव सांगितलं की काका विचारणारच.