मऊ टोकाचा डिजिटल थर्मामीटर: दीड वर्षाच्या मुलीसाठी वापरल्यानंतर

गेल्या उन्हाळ्यात औषधाच्या दुकानातून हा साधा थर्मामीटर आणला. कपाळासमोर धरायची 'गन' घरात आधीपासून होती. दात येताना, डीपीटी लशीच्या बूस्टरनंतर, पावसाळ्यातल्या सर्दीतापात दोन्ही भरपूर वापरली, आणि आता औषध द्यायचं की नाही हे मी काखेतल्या आकड्यावरच ठरवते.

गनने झोपलेल्या मुलीला न हलवता अंदाज येतो, तेवढ्यापुरती ती चांगली. पण कपाळ घामेजलेलं असलं, डोक्यावर पंखा असला किंवा पोर नुकतीच उन्हातून आली असली, की पाठोपाठ घेतलेल्या दोन आकड्यांतही फरक पडतो.

काखेत मोजायला थोडी खटपट आहे. काख आधी कोरडी पुसायची. टोक बरोबर खळग्यात, कातडीला लागून. मध्ये झबल्याची बाहीसुद्धा नको. मी तिला मांडीवर पाठमोरी बसवते, तिचा दंड छातीशी अलगद दाबून धरते आणि दुसऱ्या हाताने चित्रांच्या पुस्तकाची पानं उलटते. खोक्यावर 'दहा सेकंद' लिहिलंय, पण आमच्याकडचा बीप वाजल्यानंतरही मिनिटभर ठेवला तर आकडा थोडा वर सरकतो. म्हणून मी दर वेळी तेवढं थांबते. अंघोळीनंतर किंवा दुपट्यातून काढल्यावर वीसेक मिनिटं जाऊ द्यावीत.

काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा जरा कमीच येतो. त्यात मनाने एक डिग्री मिळवू नका. आकडा आहे तसा सांगा आणि कुठे मोजला तेही सांगा, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलंय. साधारण १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअसपासून पुढे ताप धरतात. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर एवढ्या तापालाही घरी वाट पाहू नये, मध्यरात्र असली तरी डॉक्टर गाठावा. मोठ्या मुलांत नुसत्या आकड्यावर जाऊन चालत नाही. १०२ असून खेळणाऱ्या पोरीपेक्षा १०० वर मलूल पडलेली, पाणी न पिणारी, लघवी कमी झालेली पोर मला जास्त काळजीची वाटते.

सासूबाईंना नुसता हात लावून कणकण कळते, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघतं. पण ताप किती चढला, औषधाने किती उतरला, ते हाताला कळत नाही. अंग गरम लागलं, किरकिर वाढली, जेवण टाकलं की मी मोजते, आणि पुढचा डोस द्यायची वेळ झाली की पुन्हा. वेळ, आकडा, औषध कॅलेंडरवर लिहून ठेवते. दवाखान्यात पहिला प्रश्न 'कधीपासून?' हाच असतो. ताप मोजायला तिला झोपेतून उठवत मात्र नाही.

उणिवा दोन. पडद्यामागे दिवा नाही, त्यामुळे रात्री मोबाइलचा उजेड लागतो. आणि बटण जास्त वेळ दाबलं गेलं की फॅरनहाइटचं सेल्सिअस होतं. पुन्हा तसंच दाबून धरायचं. आत बटणासारखा सेल आहे, तो लहान मुलाच्या पोटात गेला तर फार धोक्याचा, म्हणून थर्मामीटर वरच्या फळीवरच ठेवा.