बाटलीच्या बबलवाल्या पिशव्या: आठ महिने, तीन फेऱ्या, चौदा बाटल्या

आमच्या जळगावात प्लास्टिकची चटई बनते, आणि चटईवाल्याच्या हातात प्लास्टिकची कुठलीही वस्तू आली की तो आधी ती ओढून बघतो. सप्टेंबर 2025 मध्ये, प्रवासाच्या बॅगेत काचेच्या बाटल्या घालून आणायच्या या ऑनलाइन मागवलेल्या पिशव्या आल्या तेव्हा मीही तेच केलं. बाहेरून जाड पारदर्शक फिल्म, आत बबलचा थर, तोंडाशी झिपच्या दोन पट्ट्या आणि त्यावर वेल्क्रोची घडी. सहाचा संच. ब्रँडचं नाव सांगून उपयोग नाही, चार नावांनी विकला जाणारा माल बघितला तर एकाच साच्यातला वाटतो. फिल्म चांगली, वास नाही, कडेचं सील मात्र मला अरुंद वाटलं. ते लक्षात ठेवा, पुढे त्याचा विषय निघणार आहे.

या भानगडीत पडलो ते 2022 मुळे. त्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या 'के' प्रदर्शनाला गेलो होतो. प्लास्टिकवाल्यांची ती पंढरी, दर तीन वर्षांनी भरते. येताना तिथल्या आल्टबिअरच्या चार बाटल्या टॉवेलात आणि जीन्समध्ये गुंडाळून आणल्या. तीन पोचल्या. चौथीने दोन शर्ट, एक जॅकेट आणि मशीनवाल्यांचे सगळे कॅटलॉग भिजवले. कॅटलॉग वाळले ते उडदाच्या पापडासारखे वाकडे होऊन. बायकोने बॅग तीन दिवस गच्चीवर उघडी ठेवली आणि शेजारच्या काकू विचारून गेल्या, काही आंबवायला घातलंय का म्हणून.

आल्टबिअर म्हणजे तांबूस तपकिरी, कडवट, जुन्या पद्धतीने आंबवलेली बिअर. तिथून चाळीसेक किलोमीटरवर कोलोन, त्यांची कोल्श फिकट आणि हलकी. दोन्ही गावं एकमेकांच्या बिअरला नावं ठेवतात, आपल्याकडे भरीत कुणाचं खरं यावर जशी जुंपते तशीच. या बिअर आपल्या दुकानात दिसत नाहीत, म्हणून आणायच्या. दुसरं काही कारण नाही.

आधी हिशेब. परदेशातून येताना ड्यूटी न भरता माणशी दोन लिटर, त्यात बिअर, वाइन, व्हिस्की सगळं एकत्र धरलेलं. म्हणजे 500 मिलीच्या चार बाटल्या, किंवा 330 च्या सहा. सहाचे होतात 1980 मिली, नियमात बसून वीस मिली शिल्लक. केबिनमध्ये बहुतेक ठिकाणी 100 मिलीच्या वर द्रव चालत नाही, त्यामुळे चेक-इन बॅगच. 24 टक्क्यांच्या वर अल्कोहोल असेल तर विमानाची वेगळी पाच लिटरची मर्यादा लागते, बिअर पाचच्या आसपास असल्याने तो प्रश्न येत नाही. प्रश्न येतो वजनाचा. भरलेली 500 ची बाटली कारखान्यातल्या काट्यावर 900 ग्रॅमच्या आसपास भरली, म्हणजे चार बाटल्या साडेतीन किलो. मुंबई-जळगावचं छोटं विमान वेगळ्या तिकिटावर घेतलं, तर 15 किलोत हे साडेतीन फार होतात. दारूचं परमिट खिशात ठेवा आणि खरेदीची पावतीही. महाराष्ट्रात बिअरला वयाची अट 21 आहे, घरी मागणारा पुतण्या वीस वर्षांचा असला तर त्याला वासावरच समाधान मानू द्या.

पिशव्या आल्या त्या आठवड्यात कारखान्यात एक प्रयोग केला. रिकाम्या बिअरच्या बाटलीत पाणी भरलं, बूच ठोकलं, पिशवीत घातली आणि कमरेइतक्या उंचीवरून चटईच्या गठ्ठ्यावर सोडली. काही झालं नाही. मग तीच बाटली कोब्यावर सोडली. मान मोडली. पिशवी उचलून उजेडात धरली तर आत सगळं पाणी आणि काचा, जत्रेतून आणलेल्या माशाच्या पिशवीसारखं दिसत होतं. झिपच्या कोपऱ्यातून चार थेंब आले, तेवढेच. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, मग वाचली काय?" मुद्दा तोच आहे. ही पिशवी बाटली वाचवत नाही, कपडे वाचवते. बाटली वाचवायचं काम बॅग भरणाऱ्याचं. विकणाऱ्याच्या पानावर चित्रात बाटली दगडावर आपटलेली दाखवतात, त्याच्यावर जाऊ नका. काचेने आतला बबल फाटला म्हणून ती पिशवी तिथेच निकालात निघाली. सहाच्या पाच झाल्या.

आता पहिली फेरी, ऑक्टोबर 2025, पुन्हा 'के'. जातानाच्या बॅगेत जर्मनीतच आखेनला शिकणाऱ्या चुलतभावासाठी कैरीचं लोणचं होतं, काकूने काचेच्या छोट्या बरणीत भरून दिलेलं. एका पिशवीत ती बरणी कशीबशी बसली. पोचल्यावर बघतो तर बरणी अखंड, झाकण घट्ट, आणि पिशवीत अर्धी वाटी तेल. आधी चक्रावलो. मग उलगडलं. विमानाच्या पोटातही केबिनइतकाच दाब असतो, आणि तो जास्तीत जास्त 8000 फूट उंचीच्या हवेएवढा खाली येतो, म्हणजे जमिनीच्या पाऊणपट. बरणीत तेलाच्या वर जी हवा कोंडलेली असते ती फुगते, बरणी आडवी असली तर ती तेलाला झाकणातून बाहेर ढकलते. बिअरच्या बाटलीचं तसं नाही. तिच्या आत मुळातच बाहेरच्या जवळजवळ तिप्पट दाब असतो आणि बूच तो धरायलाच बनलेलं असतं, पाव दाब इकडे तिकडे झाला तर तिला पत्ताही लागत नाही. "विमानात बाटली फुटते" असं जे म्हणतात, ते खरं तर लोणच्याबद्दल म्हणायला हवं. बरणी आडवी ठेवू नका, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद लावून मग पिरगाळा. आणि त्या पिशवीवर मार्करने "लोणचं" लिहून ठेवा. मी साबणाने, बेसनाने, गरम पाण्याने धुतली, मोहरीचा वास काही जात नाही. पाचच्या चार उरल्या.

येताना 330 च्या सहा आणल्या. पिशव्या चारच, म्हणून दोन बाटल्या जाड लोकरी मोज्यांत, वर दोन-दोन कॅरीबॅगा. सगळ्या सुखरूप आल्या, मोज्यातल्यासुद्धा. त्याचं कारण भरण्यात आहे. पट्ट्यावर बॅग आडवी-उभी कशीही पडते, लोडर फेकतो ती बहुतेक चाकांच्या बाजूवर. म्हणून चाकांच्या कडेला बूट आणि जाड कपडे, त्यावर बाटल्या मधोमध, दोन बाटल्यांच्या मध्ये किमान एक घडी केलेली पँट, चारही बाजूंनी चार बोटं कापड. ट्रॉलीच्या दांड्यांच्या नळ्या बॅगेच्या पाठीत आतून उंचवट्यासारख्या असतात, त्यांच्यावर बाटली कधीच टेकवू नये. बॅग बंद करून हलवून बघायची. खडखड ऐकू आली तर परत उघडायची. मी तीनदा उघडली, हॉटेलच्या खोलीत रात्री साडेअकराला, शेवटी एक मोजा कमी पडला तो पायातला काढून घातला.

दाजी अमळनेरहून खास आले होते. पहिला घोट घेतला, ग्लास उजेडात धरला आणि म्हणाले, "हाई त निंबना पाला शे, भो!" तरी दोन संपवल्या.

दुसरी फेरी जानेवारीत, मशीन बघायला. यावेळी तार आणि चिनीमातीचं बूच असलेल्या 500 च्या चार आणल्या, दिसायला देखण्या. तिथे बाटलीवर डिपॉझिट घेतात, साध्या बाटलीला 8 सेंट, या तारेच्या बुचाच्या बाटलीला 15. आपल्याकडे गोटी सोड्याची बाटली परत केली की पैसे मिळायचे तसं. बाटली घरी आणली की ते 15 सेंट सोडायचे, पण नंतर त्यात शेंगदाण्याचं तेल ठेवता येतं, आमच्या घरी आता दोन आहेत. बॅगेत मात्र ही बाटली कटकटीची. बुटाच्या टाचेने तार जरा उचलली गेली आणि बिअर झिरपली. अंदाजे अर्धा पेला. पिशवीने धरली, पण मी घाईत झिपची दुसरी पट्टी नीट दाबली नव्हती, तिथून थोडी बाहेर आली. बाहेर भाच्याचं एक डायपर गुंडाळलेलं होतं, त्याने सगळी पिऊन टाकली. डायपरची कल्पना बहिणीची. या सगळ्या उठाठेवीत सर्वात स्वस्त आणि सर्वात भरवशाची वस्तू तीच निघाली. तारेच्या बाटलीला तारेवरून चिकटपट्टीचे दोन वेढे द्या.

येतानाचा एक मुद्दा फक्त आपल्या भागाला लागू. मुंबईहून अमळनेर-नंदुरबारकडे थेट जायला खान्देश एक्स्प्रेस सोयीची, पण ती गुजरातमधून जाते, आणि गुजरात दारूबंदीचं राज्य. नंदुरबारकडच्या मंडळींना सुरतचं विमानतळ जवळ पडतं, तिथेही तेच. कस्टमने सोडलं म्हणून गुजरातने सोडलं असं नसतं. बाटल्या असतील त्या दिवशी वळसा पडला तरी नाशिकवरून या. तसंच गोव्याहून किंवा दुसऱ्या राज्यातून परवान्याशिवाय बाटल्या आणणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. दोन लिटरची सवलत परदेशातून येणाऱ्याला आहे, गोव्याहून येणाऱ्याला नाही. हे न वाचता गोव्याच्या बॅगा भरणारे मी पाहिलेत.

तिसरी फेरी एप्रिलमध्ये, मशीनच्या ट्रायलला. मुंबईला गाडी घ्यायला आली होती. विमानतळावर बॅग उघडून बघितली, चारही बाटल्या ठणठणीत. त्या आनंदात मी त्या बॅगेत परत न भरता पिशव्यांसकट कापडी थैलीत घातल्या आणि थैली मागच्या काचेखाली ठेवली. कसारा, नाशिक, मालेगाव करत दुपारी धुळ्याला पोचलो. शेवभाजी खायला थांबलो. गाडी उन्हात, काचा बंद, दीड तास. हात धुऊन बाहेर येतोय तोवर पार्किंगमधून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. सायकलवाला पोरगा थांबून टायर बघायला लागला. टायर नव्हता.

विमानात सात-आठ तास काही न झालेली बाटली धुळ्याच्या उन्हात गेली. वीस अंशाला असलेला आतला दाब पंचेचाळीस अंशाला जवळजवळ दुप्पट होतो, आणि काचेखाली पंचेचाळीसवर कुठे थांबतं. शिवाय जर्मनीत बाटल्या धुऊन पुन:पुन्हा भरतात, पन्नासेक वेळा सुद्धा, त्यामुळे खांद्यावर आणि बुडाशी घासल्याचा पांढुरका पट्टा पडतो. फुटलेल्या बाटलीवर तो पट्टा चांगला बोटभर होता. तेव्हापासून दुकानात बाटली फिरवून बघतो, पट्टा जाड असेल तर दुसरी उचलतो. पिशवीचं म्हणाल तर ज्या अरुंद सीलचं मी सुरुवातीला म्हणालो, तेच उसवलं, वीतभर. काचा आतच राहिल्या, बिअर मात्र सीटवर. आमच्याकडे असं सील लागलं असतं तर मी गठ्ठा परत पाठवला असता. उरलेल्या तीन बाटल्या ओल्या टॉवेलात गुंडाळून पायाशी ठेवल्या आणि एसी पूर्ण लावून पारोळा, एरंडोल करत जळगावला आलो.

हवा भरायच्या नळ्यांची एक पिशवीही आणली होती, पंपासकट. बाटलीला ती खरोखर वाचवते, मऊ गादीच म्हणा. पण टंच फुगवू नका, वर गेल्यावर ती आणखी फुगते, माझी एक नळी त्यातच बसली. पाऊण भरा. गळती मात्र ती अडवत नाही, आणि परतीच्या वेळी पंप हॉटेलातच राहिला.

हिशेबाने बबलवाल्या तीन उरायला हव्या होत्या, आहेत दोन. एक दाजींनी मागून नेली. शेतावर जाताना फवारणीच्या औषधाची बाटली ते मोटरसायकलच्या डिकीत त्याच पिशवीतून नेतात, एक थेंब सांडत नाही म्हणून गावभर कौतुक चाललंय. ती मी परत मागितलेली नाही.