बागेतल्या फेरीसाठी १०० मिमी मॅक्रो लेन्स : काही महिने वापरल्यानंतर

अगदी जवळून, मोठे फोटो काढायची ही मॅक्रो लेन्स घ्यावी की नाही, एवढंच ज्यांना हवंय त्यांच्यासाठी उत्तर आधी देते. रोज बागेत जाता आणि चालणं अर्धवट राहिलं तरी चालेल, असं असेल तर घ्या. व्यायाम म्हणून चालत असाल तर नका घेऊ. ही लेन्स गळ्यात असताना पहिल्या वळणाच्या पुढे जायलाच तास लागतो. आणि पक्ष्यांसाठी घेत असाल तर तिथेच थांबा. १०० मिमी पक्ष्यांना कमी पडते. झाडावरचा पक्षी फोटोत ठिपक्याएवढा येतो आणि कितीही क्रॉप केला तरी ठिपकाच राहतो.

माझा कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा (सेन्सर म्हणजे फोटो टिपणारी चिप, एपीएस-सी हा तिचा एक आकार), २४ मेगापिक्सेलचा. लेन्स १०० मिमी, एफ २.८ (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान), हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन असलेली, १:१ पर्यंत जाणारी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली जे लिहिलंय ते या वर्गातल्या जवळजवळ सगळ्याच लेन्सना लागू आहे. या मापाच्या मॅक्रो लेन्स शार्प असतातच. त्यावर चर्चा करण्यात वेळ घालवू नये असं माझं मत. खरा फरक पडतो तो आपण ती कुठल्या अंतरावरून वापरतो यावर.

आणि इथेच माझं म्हणणं डब्यावरच्या जाहिरातीपेक्षा वेगळं आहे. डब्यावर मोठ्या अक्षरांत १:१ असतं. म्हणजे १ सेंटिमीटरचा किडा सेन्सरवरही १ सेंटिमीटरचाच उमटतो. ऐकायला भारी वाटतं. पण आता ठेवलेले फोटो चाळताना दिसतं की त्यातले बहुतेक १:२ ते १:३, म्हणजे सेन्सरवर निम्मा ते एक तृतीयांश आकार, या पट्ट्यात काढलेले आहेत. पूर्ण १:१ वरचे फार थोडे टिकले.

कारण साधं आहे. एपीएस-सी सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी. म्हणजे १:१ वर फोटोत तेवढीच रुंदी मावते. बागेत दिसणारा नेहमीचा चतुर चार-पाच सेंटिमीटर लांब असतो, पंख पसरलेलं फुलपाखरू कधी त्याहून मोठं. ते १:१ वर मावतच नाहीत. मावतात मुंग्या, मावा (देठांवरची बारीक कीड), ढालकिडे (लेडीबर्ड), छोटे कोळी. बाकी सगळ्यांसाठी मागे सरकावंच लागतं.

दुसरं म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड. एफ ८ वर, १:१ ला, या सेन्सरवर नीट फोकस असलेल्या भागाची जाडी साधारण ०.६ मिमी भरते. १:२ वर आलात की तीच जाडी १.९ मिमी होते, जवळजवळ तिप्पट. १:३ वर पावणेचार मिमीच्या पुढे जाते. अर्ध्या मिलिमीटरमध्ये कोळ्याचे पुढचे डोळे येतात आणि पाय हरवतात. दोन मिलिमीटरमध्ये तोंड, डोळे आणि पुढचे पाय सगळं येतं. हा फरक कुठल्याही महाग लेन्सने भरून निघत नाही, कारण हा भौतिकशास्त्राचा भाग आहे, कंपनीचा नाही.

मग किडा लहान दिसतो त्याचं काय? क्रॉप करायचा. १:२ वर फोटोची रुंदी ४७ मिमी होते, तीत १ सेंटिमीटरचा ढालकिडा साडेबाराशेच्या वर पिक्सेल व्यापतो. मोबाइलच्या पडद्यावर, अगदी छोट्या प्रिंटवरही, तेवढे भरपूर झाले. शिवाय आजूबाजूचं पान, देठ, दवाचा थेंब फोटोत राहतो आणि किडा कुठे बसलाय ते कळतं. नुसत्या डोळ्यांचे फोटो सुरुवातीला थरारक वाटतात, पण चार पाहिल्यावर सगळे सारखे दिसू लागतात.

प्रकाशाचं गणितही याच बाजूचं आहे. जवळ जाल तसा सेन्सरवर पोचणारा प्रकाश कमी होतो. १:१ वर दोन स्टॉप जातात (एक स्टॉप गेला म्हणजे प्रकाश निम्मा), १:२ वर सव्वा स्टॉपच्या आसपास. लेन्सवर एफ १६ ठेवून १:१ ला फोटो काढला की प्रत्यक्षात एफ ३२ सारखं वागतं. डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, तपशील मऊ पडतात आणि "लेन्स शार्प नाही" अशी तक्रार सुरू होते. मी आता एफ ८ ते ११ च्या पुढे क्वचित जाते.

फोकसबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. लांबच्या वस्तूंना ऑटोफोकस चोख लागतो. पण हातभर अंतराच्या आत लेन्स एकदा चुकली की पूर्ण टोकापर्यंत जाऊन परत येते आणि तोवर टाचणी (चतुराचा सडपातळ भाऊबंद) उडून दुसऱ्या काडीवर बसलेली असते. अशा लेन्सवर बहुधा फोकस लिमिटरचं बटण असतं. ते जवळच्या टप्प्यावर ठेवलं की हा त्रास बराच कमी होतो. तरीही अगदी जवळ मी ऑटोफोकस बंदच करते. फोकस रिंग हवी तेवढी फिरवून ठेवायची, म्हणजे किडा किती मोठा दिसणार ते ठरून जातं, आणि मग रिंगला हात न लावता आपण स्वतः किंचित पुढे-मागे व्हायचं. डोळे लखलखीत दिसले की शटर दाबायचं. माणूस कितीही स्थिर उभा राहिला तरी एक-दोन मिलिमीटर डुलतोच. तेच डुलणं इथे उपयोगी पडतं. तीन-चार फोटोंचा छोटा बर्स्ट घेतला की एक नेमका सापडतो.

स्टॅबिलायझेशनवर फार विसंबू नये. लांबच्या फोटोंना ते छान काम करतं, पण जितकं जवळ जाल तितकी त्याची मदत घटते. याचं एक जाहीर उदाहरण म्हणजे कॅननची २००९ साली आलेली १०० मिमी एल मॅक्रो. तिच्या स्टॅबिलायझेशनचा दावा नेहमीच्या अंतराला चार स्टॉपचा आणि १:१ ला दोनच स्टॉपचा होता. आणि पान वाऱ्याने हलत असेल तर कुठलंच स्टॅबिलायझेशन कामाचं नाही. त्यासाठी शटर वेगवान लागतो. नुसत्या उजेडात मी १/२५० च्या खाली जायचं टाळते, मग आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० झाला तरी चालेल. दाणे दिसले तर नंतर काढता येतात, हललेला फोटो सुधारता येत नाही.

ट्रायपॉड? आणला, नेला, आता घरी असतो. किड्यासमोर तीन पाय पसरून उंची जुळवेपर्यंत किडा निघून गेलेला असतो, आणि काही बागांमध्ये ट्रायपॉडला परवानगीही लागते. अळंबी, शेवाळ, कोष अशा न हलणाऱ्या गोष्टींसाठी मात्र तो उपयोगी आहे. फोकस थोडा थोडा सरकवत काढलेले आठ-दहा फोटो नंतर जोडायचे असतील तर लागतोच. माझ्यासाठी त्यापेक्षा गुडघ्याखाली टाकायचा जाड फोमचा तुकडा शंभरपट उपयोगी ठरला. चांगले फोटो कमरेच्या खालीच असतात. आणखी एक युक्ती म्हणजे डाव्या हाताने शेजारची काडी किंवा फांदी हलकेच धरायची आणि त्याच मनगटावर लेन्स टेकवायची. कॅमेरा आणि किडा दोन्ही एकत्र हलतात, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर बदलत नाही.

वेळ सकाळचीच. उजेड सुंदर असतो हे खरं, पण त्याहून मोठी कारणं दोन. जमीन तापलेली नसते म्हणून वारा पडलेला असतो, आणि कीटकांचं शरीर थंड असतं म्हणून ते सुस्त असतात. ऊन अंगावर घेऊन गरम झाल्याशिवाय फुलपाखराला नीट उडता येत नाही. तो ऊन खाण्याचा वेळ आपला. पंख पूर्ण उघडे, अंग स्थिर. तिथे कॅमेरा पंखांना समांतर ठेवला की एफ ८ वरही दोन्ही पंख कडेपर्यंत स्पष्ट येतात. तिरका धरला की एकच पंख फोकसमध्ये राहतो. फक्त आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. सावली सरकली की ते उडालंच.

चतुर दिवसभर मिळतात, कारण त्यांच्यातले बरेच जण उडून पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात. पाठलाग करणारा थकतो. काडीजवळ जाऊन, कॅमेरा आधीच डोळ्याला लावून थांबणाऱ्याला फोटो मिळतो. टाचण्या त्यामानाने जास्त संयम पाहतात. काडीवर बसल्या की आपण जिकडे जाऊ तिच्या उलट बाजूला सरकतात.

पण या लेन्सचा खरा नायक म्हणजे उड्या मारणारा कोळी. भिंतीवर, कुंपणावर, बाकाच्या पाठीवर, कुठेही सापडतो. आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे, आणि नजर इतकी तीक्ष्ण की आपण जवळ गेलो की तो वळून आपल्याकडे बघतो. बाकीचे पळतात, हा चौकशी करतो. त्या मोठ्या डोळ्यांची भिंगं स्थिर असतात पण आतला पडदा हलतो, त्यामुळे बघता बघता डोळा कधी काळा, कधी तपकिरी दिसतो. हे नुसत्या डोळ्यांनी मला कधीच दिसलं नसतं. १:१ साठी राखून ठेवायचा विषय असेल तर हा एकच.

गुलाबाच्या कोवळ्या देठांवर मावा असेल तर अर्धा तास तिथेच जातो. मावा रस शोषतो, त्याच्या अंगातून गोड द्रव येतो, तो प्यायला मुंग्या येतात आणि त्या बदल्यात माव्याची राखण करतात. मावा खायला ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या येतात. माळ्याला तो देठ छाटायचा असतो, मला तो वाचवायचा असतो. आमचं अजून एकमत झालेलं नाही.

फुलांबद्दल थोडक्यात. फूल हलत नाही म्हणून सोपं वाटतं, पण फुलाचा फोटो मागच्या बाजूवर उभा असतो. फुलामागे चार-पाच हात काहीच नसेल तर एफ ४ वरही मागचा भाग दुधासारखा सपाट होतो. मागे लगेच पानं असतील तर एफ २.८ वरही गिचमीड राहते. जागा बदला, सेटिंग नाही. पावसानंतर ओल्या पानांवरची चमक घालवायला पोलरायझर कामाचा आहे, फक्त तो दीड स्टॉपच्या आसपास प्रकाश खातो.

झाडांच्या दाट सावलीत फ्लॅश लागतो. साधा बाहेरचा फ्लॅश, कमी पॉवरवर, पुढे मोठं पांढरं डिफ्युझर. कमी पॉवरवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कितीतरी कमी वेळ टिकतो, त्यामुळे हललेला फोटो येत नाही. डिफ्युझर किड्याच्या जितकं जवळ आणि जितकं मोठं, तितका उजेड मऊ. नाहीतर ढालकिड्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो. मागचा भाग काळाकुट्ट येऊ नये म्हणून आयएसओ ४०० ते ८०० ठेवायचा, म्हणजे तिथला नैसर्गिक उजेडही थोडा येतो.

दोन गोष्टी मी करत नाही. किडा गार करून सुस्त करायचा आणि मग फोटो काढायचा, हे काही लोक करतात. माझ्या लेखी तो निसर्गाचा फोटो नाही. आणि फोटोसाठी पान तोडणं, जाळं हलवणं हेही नाही. मधे आलेली काडी हाताने बाजूला धरा, फोटो झाला की सोडा.

लोकांची सवय करून घ्यावी लागते. गुडघ्यावर बसलेल्या बाईला "काही हरवलं का?" हा प्रश्न हमखास येतो. मुलं जास्त नेमकं विचारतात: "काकू, काय सापडलं?" त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर कोळ्याचे डोळे दाखवले की पुढची दहा मिनिटं तीच मला विषय शोधून देतात, आणि त्यांची नजर माझ्यापेक्षा बरी आहे.

वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, कॅमेऱ्यासकट गळ्यात जाणवतं. मनगटाचा पट्टा त्यापेक्षा बरा. हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारं झापड) दूरच्या फोटोंना लावते आणि जवळ जाताना काढते, कारण १:१ ला लेन्सच्या पुढच्या काचेपासून किड्यापर्यंत वीतभरही अंतर उरत नाही आणि त्यातही हूड पुढे येऊन सावली करतो. गवतात बसत असाल तर घरी आल्यावर गोचीड आहेत का ते कपडे झटकून बघा.

अजून लेन्स घेतलेली नसेल तर आधी एक्स्टेन्शन ट्यूब वापरून बघा. ट्यूबमध्ये काच नसते, लेन्स सेन्सरपासून दूर नेणं एवढंच तिचं काम. ५० मिमी लेन्समागे २५ मिमीची ट्यूब लावली की ०.५ पट, म्हणजे १:२ मोठेपणा मिळतो, जो माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वापराचा आहे. तोटा असा की लांबचा फोकस जातो आणि किड्याच्या फार जवळ जावं लागतं. चतुरासारखे सावध विषय हातचे सुटतात. झूम लेन्सवर "मॅक्रो" छापलेलं असतं त्यातल्या बऱ्याच १:३ किंवा १:४ पर्यंतच जातात, आणि फुलपाखरांसाठी तेवढंही पुरतं. निकॉनची जुनी ५५ मिमी एफ २.८ मायक्रो एकटी १:२ पर्यंतच जाते. १:१ साठी तिला पीके-१३ ही २७.५ मिमीची ट्यूब लागते. अशी एखादी वापरलेली, काच स्वच्छ असलेली लेन्स मिळाली आणि हाताने फोकस करायची तयारी असेल, तर बागेसाठी ट्यूबशिवायच घ्या. मी १०० मिमीच ठेवणार आहे, पण १:१ साठी नाही. १:२ वरसुद्धा किड्यापासून जे अंतर राखता येतं त्यासाठी.