पुराचा फोटो सरकारी पेजवर: ‘फेअर डीलिंग’ की लेखी परवानगी?

गोदावरीला पूर येऊन पाणी नाशिकच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलं, की वर्तमानपत्रातला फोटो बघता बघता सरकारी पेजवरही झळकतो. खाली ‘साभार’ असतं. नुसत्या साभारने हक्क मिळत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मधल्या ‘फेअर डीलिंग’चा, म्हणजे परवानगीशिवाय चालणाऱ्या रास्त वापराचा, आधार घ्यायचा, तर चालू घडामोडींचं वार्तांकन किंवा टीका-समीक्षा हा हेतू दिसला पाहिजे. त्याच दिवशी पूरस्थिती सांगताना, श्रेय देऊन लावलेला फोटो कदाचित टिकेल. तोच फोटो वॉटरमार्क कापून सिंहस्थाच्या बॅनरवर गेला, की बचाव लंगडा पडतो. ‘आम्ही कुठे पैसे कमावतो?’ एवढ्यावर भागत नाही.

परवानगीला वेळ लागतो, पण कटकट मिटते. विचारायचं मात्र कुणाला? कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीतल्या छायाचित्रकाराच्या फोटोवर वर्तमानपत्राच्या मालकाचा हक्क नियतकालिकातल्या प्रसिद्धीपुरताच. बाकी हक्क छायाचित्रकाराचा. म्हणून दोघांचीही लेखी संमती घ्या. त्यात कोणता फोटो, कुठे वापरणार, किती काळ, हे स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो.

घाईच असेल तर मूळ बातमीची लिंक द्या, नाहीतर आपल्याच कर्मचाऱ्याने काढलेला फोटो लावा.